खालचा भाग

कानाचा डॉक्टर कुडाळला येतो, दर शनिवारी.
काचेच्या खोलीत बसवलं, कानांना डबे लावले,
आवाज आला की बटण दाबा म्हणाला.
मी बराच वेळ दाबलंच नाही.
मग कागद दाखवला. रेघ सरळ चाललेली
आणि एका जागी कड्यावरून पाय घसरावा तशी खाली.
"इंजिनात किती वर्षं?"
एकतीस, म्हटलं. ट्रॉलरवर अकरा,
बाकीची सर्जेकोटच्या जेटीवर, दुरुस्तीत.
"मग बरोबर," म्हणाला, जणू वहीतला हिशोब जुळला.

वरचं गेलंय म्हणे.
झांज, बांगड्या, कुकरची शिटी,
फोनमधली नातवंडं.

घरी येऊन पान्यांची पेटी उघडली.
तळाशी, बाराच्या पान्याखाली, सात कॅसेटी,
खाऱ्या हवेने फितींवर पांढरी बुरशी धरलेली.
इनास फर्नांडिसच्या.
तो कुवेतहून आला तो नोकरी सोडून
आणि दोन स्पीकरचा टेप घेऊन.
आमच्या ट्रॉलरवर चढला टेपसकट,
केबिनच्या छताला सुतळीने बांधला त्याने तो
आणि वर प्लास्टिकची पिशवी.

खाली सहा सिलिंडर, वर गाणी.
इंजिन गाण्याचा खालचा सगळा भाग खाऊन टाकायचं,
जसं बोंबील साफ करताना मांजर पायाशी बसून खातं.
पोचायची ती टोकं.
बासरी. बाईचा वर चढलेला सूर.
आम्हाला तेवढंच गाणं ठाऊक.
जाळं ओढता ओढता इनास म्हणायचा,
"ह्या गाण्यात बायल एकटीच आसा रे."

त्याआधी तर गाणी मला मधूनच भेटायची.
शाळा सुटून धक्क्यावर पोचेपर्यंत
भिवाच्या सलूनमधला रेडिओ अर्ध्यावर आलेला असे.
कित्येक गाण्यांचा मुखडा मी लग्नानंतर ऐकला,
कुंदाच्या तोंडून, भाकऱ्या थापताना,
आणि भांडलो तिच्याशी
की हे काही त्या गाण्याचं नाही.

मधली सात-आठ वर्षं काहीच ऐकलं नाही.
कोणी विचारलं तर सांगतो, इनास गेला म्हणून.
पण खरं तसं नाही, इनास नंतर गेला.
मला नुसता कंटाळा आला होता.

आता ऋता फोनवर पाठवते.
निळ्या अक्षरांवर टिचकी मारली की गाणं.
मी पहिलं मिनिट ऐकतो आणि पुढच्यावर जातो,
मी, जो गुंतलेली फीत सोडवायला
पेन्सिल घेऊन रात्र रात्र बसायचो.

काल तिने पाठवलेल्यात तेच निघालं.
बाईचं, एकटीचं.
बाई आली, पण दार लावून
पलीकडच्या खोलीत गावं तशी.
आणि तिच्या खाली कोणीतरी होतं.
डग्ग्यावर घासत गेलेलं मनगट.
एक जाड तार, सावकाश,
ओल्या वाळूतून दोर ओढत न्यावा तशी.
मग एक पुरुष, दोनच ओळी, जवळजवळ बोलल्यासारखा.
एवढी वर्षं तो तिथेच उभा होता.

इनास, बायल एकटी नव्हती रे.

टॅपेट वाजतंय का बघायचं असेल
तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं
आणि मूठ कानामागच्या हाडाला.
कान फसवतो, हाड फसवत नाही,
हे रझाक मेस्त्रीने शिकवलं, शिव्या देत देत.
मी फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवला,
डब्याला टोक लावलं,
मूठ हाडाला.

कुंदा दारात येऊन बघत राहिली.
"गाण्याक काय झाला? नट ढिलो झालो?"

गप गो, म्हटलं, जरा थांब.
तो आता दुसरी ओळ घेतोय.