काय

कैरीवरून सुरू झालं.
झाड कन्नड शाळेच्या आवारात,
फांदी मराठी शाळेच्या पत्र्यावर,
मधे कमरेएवढी भिंत.
तिच्यावर दोन्हीकडची पोरं पाय सोडून बसतात
आणि दोन्हीकडचे मास्तर ओरडतात.

प्रज्योतनं दगड मारला कैरीला,
लागला इरण्णाच्या भुवईला.
तीन टाके.
खानापूरच्या सरकारी दवाखान्यात
दोघांचे बाप एकाच बाकावर,
तोंडं दोन दिशांना.

सोमवारी दोन्ही आठव्या मी शेडमध्ये बसवल्या.
माझ्याकडं प्रशिक्षणाची पुस्तिका होती.
पान नऊवर दोन हसरी मुलं हात मिळवतात.
कुठल्या गावची, कोण जाणे.
आमच्यात हात मिळवा म्हटलं
की पोरं एकमेकांची बोटं मोडायला बघतात.
मिटली पुस्तिका.

म्हटलं, प्रज्योत, इरण्णाची तक्रार सांग.
"माझी सांगतो की!"
तुझी मागनं. आधी त्याची.
अशी सांग, की तो म्हणेल, हां, हेच.

"तो उगाच मधे आला."
इरण्णानं मान हलवली. नाही.
"त्याला लागलं."
नाही.
मग बराच वेळ पत्र्यावर फक्त कावळ्याची नखं.
"त्याला वाटलं, मी मुद्दाम मारला.
कारण रक्त बघून
मी पळालो."
या खेपेला मान हलली नाही.
खाली गेली.

इरण्णा कन्नडात बोलला, भराभर.
हुक्केरी सर मराठी करायला उठले,
तेवढ्यात मागच्या रांगेतून तबस्सुम मुल्ला:
"बाई, घोळ त्या 'काय'चा आहे.
हा ओरडला, 'काय बघूलालास बे!'
त्याच्यात काय म्हणजे थांब, वाट बघ.
आणि काय म्हणजे कच्चं फळ.
तो थांबला, बाई.
वर कैरीकडं बघत थांबला.
म्हणून तर लागला."

शेड हसून फुटलं.
खरं असेल, नसेलही.
इरण्णा बाजारात मिरच्यांचा भाव मराठीतच पाडतो.
पण तोही हसला, टाके ताणले,
आणि "आई गं" म्हणाला
शुद्ध मराठीत.

सरांनी फळ्यावर लिहिलं: काय.
म्हणाले, राग आला की एवढंच म्हणा.
मराठीत विचारून होईल, कन्नडात थांबून होईल.
मला ते जरा सुविचारासारखं वाटलं.
तरी पुसलं नाही.

त्याच संध्याकाळी बसमध्ये
आधार कार्ड घरी राहिलं म्हणून
मी कंडक्टरवर अशी कडाडले
की पुढच्या सीटवरचं बाळ उठलं.
मला दोन्ही भाषा येतात.
थांबायचं एकीतही सुचलं नाही.

श्रावणात पुन्हा पेटलंच.
नळावर. ढकलाढकली, दप्तर चिखलात,
भिंतीच्या दोन्ही बाजूंनी पोरं धावत.
मी लांब होते, हातात उघडा डबा.
एकाचा हात वर गेलेला दिसला.
कोणीतरी म्हणालं, काय.
पुढं प्रश्नचिन्ह होतं का,
एवढ्या अंतरावरून कळलं नाही.

हात तसाच वर.
पाणी वाहत होतं.
मी शिट्टी चाचपली, वाजवली नाही.
भात गार होईपर्यंत
तिथंच उभी राहिले.