बगळेवाल्यांची नवी तबकडी

रात्रपाळी संपवून फुजैराच्या कॉर्निशला गाडी लावतो.
समोर नांगरलेली जहाजं, तेल भरून घ्यायला ताटकळलेली,
दिवे अजून चालू. मागे डोंगर,
भट्टीतून काढून विसरलेल्या विटांसारखे.
कानात पंपांची घरघर.
समुद्राचं मीठ काढायच्या कारखान्यात
चौदा वर्षं काढली की ती खोलीवरही येते,
उशीवर शेजारी झोपते.

परवा कान तपासताना कंपनीच्या मलयाळी डॉक्टरीणबाईंनी
आलेखावर बोट ठेवलं. चार हजारांपाशी रेघ
विहिरीत उतरावी तशी खाली.
"गेलेलं येत नाही," म्हणाल्या. "खालचे सूर शाबूत आहेत."

आणि आज फोनवर बगळेवाले.

त्यांचं खरं नाव आम्हाला कधी उच्चारता आलं नाही,
त्यातल्या एका अक्षराच्या डोक्यावर गोल टिकली होती.
कॅसेटवर जांभळं तळं, त्यात एका पायावर बगळा.
मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकायला आलेल्या स्वीडिश पोरीने
मुनाफच्या अब्बांकडून सतार घेतली,
जाताना ती कॅसेट दुकानात ठेवून गेली.

टांगलेल्या भोपळ्यांखाली आम्ही ती झिजवली.
एकेक गाणं अठरा मिनिटांचं,
गिटार सुटायचं दावं तोडलेल्या खोंडासारखं,
मध्येच उलटी फिरवलेली घंटा, मध्येच सतार,
बिचारी, जवारी न काढलेली, पत्र्याच्या डब्यासारखी.
अब्बा पॉलिशचा बोळा फिरवता फिरवता म्हणायचे,
"पोरं हुशार आहेत. थांबायला भितात."

मग ते थांबले. बावीस वर्षं.
कोणी म्हणे भांडले,
कोणी म्हणे ड्रमवाला आता होड्या दुरुस्त करतो.
मला तरी कोणी विचारलं असतं
मुनाफशी का तुटलं, तर काय सांगणार होतो?
एका अँप्लिफायरचे साडेसहा हजार.
एवढंच. आणि नंतर व्हिसा.

नवं पहिलं गाणं:
गिटार एक सूर लावतं
आणि वाट बघतं.

मला वाटलं, नेट गेलं.

मग दुसरा आला, पहिल्याला सरकून जागा देत.
गाणाऱ्याचा आवाज दोन पायऱ्या उतरलाय,
वरच्या सुराला हात लावला की चिरतो,
आणि ती चीर तशीच ठेवलीय, रंधा न मारता.
झांजा असाव्यात. मला ऐकू येत नाहीत.
त्यांनीच कमी केल्या, की माझ्या विहिरीत पडल्या,
कळायला मार्ग नाही.

तिसऱ्यात तंबोरा आहे.
कुणाचा, कुठला, माहीत नाही, पण जवारी उघडलेली.
घोडीवर कानस केसभर, पुन्हा केसभर,
तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत
ती जागा सापडेपर्यंत, जिथे तारेला पालवी फुटते.
अब्बांची त्यात अख्खी दुपार जायची, भाकरी वातड व्हायची.
यांना बावीस वर्षं लागली, असं मात्र म्हणवत नाही.
कदाचित नुसते थकले असतील.

गाणं मुनाफला पाठवलं.
त्याच्या धाकट्याकडून नंबर घेऊन दोन वर्षं झाली होती,
नुसता ठेवला होता.
शब्द एकही लिहिला नाही.

चहावाल्या बंगाली पोराने खिडकीतून करक दिला.
जहाजांचे दिवे एकेक करून विझले, ऊन पाण्यावर आलं.
तिकडे साडेसात वाजले असतील.
दोन निळ्या खुणा.
गाणं नऊ मिनिटांचं आहे.
नऊ मिनिटं काही नाही. मग:

"खर्ज उतरलाय त्यांचा."

मी परत लावून ऐकलं. उतरलाय.
किंचित, भिजल्या दोरीसारखा.
चहा संपला, कप धरून बसलो होतो,
तेव्हा अजून एक आला:

"तो अँप्लिफायर अब्बांच्या खोलीत आहे.
चालतो. गुरगुरतो जरा."