दोन शतांश

रास अल खैमात, डोंगराच्या पायथ्याला,
नेमबाजी क्लबच्या मागची खोली.
बाहेर अठ्ठेचाळीस. आत एसी घुरघुरतो
आणि टेबलावर दोन डबे उघडे:
एक लाल, आतला डाय आरशासारखा;
दुसरा करडा, नुसता नंबर कोरलेला,
ज्याची किंमत ऐकून बिजूनं शीळ घातली.

"बाबू उस्ताद, कोणता घेऊ?" हुमैद विचारतो.
बाबगोंडा त्याच्या जिभेवर बसत नाही.
पुढच्या महिन्यात स्पर्धा,
सहाशे मीटरवर कागदाचा काळा गोल.

मी लगेच बोलत नाही.
उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींनी
पहिलं वर्षभर मला मशीनला हात लावू दिला नव्हता.
बोअरमध्ये करंगळी घालायची, डोळे मिटायचे
आणि सांगायचं: कुठं ओरखडा, कुठं लाट.
"चकाकी गिऱ्हाइकाला," म्हणायचे,
"आपण आतलं अंग बघायचं."

म्हणून लाल डायमध्ये करंगळी.
तोंडाशी लोणी, आणि नखभर खाली
एक कड, जिभेला दाताचा टवका लागावा तशी.
करड्यात काही लागत नाही.
काही न लागण्याचेच पैसे.

तरी बोटावर किती विश्वास ठेवायचा? वय झालं बोटाचं.
हुमैदच्याच रायफलीतून आलेल्या वीस पुंगळ्या,
दहा इकडं, दहा तिकडं.
तेलाचा हात, प्रेसचा दांडा, एका दमात खाली.

पुंगळी आगीतून आलेली असते,
फुगलेली, चेंबरचं माप अंगावर घेऊन.
चांगला डाय तिला कोरी करायला जात नाही.
लागेल तेवढीच मान आवळतो,
खांदा केसभर मागे सारतो
आणि सोडून देतो.
वाईट डाय आधी वाटेल तशी आवळतो,
मग आतून मणी ओढून तीच मान पुन्हा रुंदावतो.
पितळ किती सोसणार?
पाचव्या खेपेला मानेवर चीर.
(माझी इथली ही सातवी.)

मग डायल गेज.
पुंगळी बोटानं गोल फिरवायची, काट्याकडे बघायचं.
लाल: सात शतांश. नऊ. सात. अकरा.
काटा थंडीतल्या कोकरासारखा.
करडा: दोन. दोन. तीन. दोन.
बिजू वहीत उतरवतोय.
आठवीला एकदम आठ!
हुमैद माझ्याकडे बघतो. मी पुंगळी उजेडात धरतो.
डायचा दोष नाही. हीच एका अंगानं जाड,
जन्मजात.

मध्येच आईचा फोन.
इथं पाच, तिकडं साडेसहा,
दिवस मावळायच्या आत तिचं जेवण आटोपलेलं.
"काय चाललंय?"
"पितळेचं काम."
"भांडी?"
"भांडीच समज. फार लहान."
थोडा वेळ ती काही बोलत नाही.
तिला कळत नसेल असं नाही.
"कागदावरच मारतात, आई," मी न विचारताच सांगतो.
"पाणी गाळून पीत जा," म्हणते, आणि ठेवते.

अकरा वर्षं झाली.
हजारो पुंगळ्या या हातांतून गेल्या,
एकदाही ट्रिगरवर बोट ठेवलं नाही.
हुमैद दरवेळी बोलावतो, आजही म्हणाला,
"उद्या ये, एक तरी झाड."
मी म्हटलं, "तू झाड.
रिकाम्या मात्र मोजून परत आण."

करडा डबा घेऊन तो गेला. बिजूनं लाल डबा
परत पाठवायला दोरीनं बांधला.
आठवाली पुंगळी मी फेकली नाही.
रजेचा अर्ज एसीच्या वाऱ्यानं फडफडत होता,
त्यावर ठेवली.