दुसरा टिकत नाही

शिळफाट्याच्या चढाला
दुसरा सुटला.
मागे कंटेनरचा भोंगा,
मुठीत इंजिनचा नुसता आरडाओरडा,
आणि चाक कुणाचंच नाही.

तळवलीत, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत
पदाजी मढवीचं गॅरेज.
तो ऐकून घेतो
मोडीत आलेली अंगठी तोलणाऱ्या सोनारासारखा,
चेहऱ्यावर काही न दाखवता.
"कधी सुटतो? रेस देताना, का सोडताना?"
यात फरक असतो हे मला माहीत नव्हतं.
"पहिला? तिसरा?"
ते नीट.
"मंग जा, अजून एकदा सुटू दे.
या टायमाला ऐक."

रबाळ्याच्या पुलावर ऐकलं.
रेस वाढवली की आधी तळपायाला
बारीक थरथर, मग ठक्,
मग एक मोकळेपणा
जो कुणालाही नको असतो.
परत येऊन सांगितलं.
"देताना. बरं," तो म्हणाला.
बरं म्हणजे वाईट, हे सुरावरून कळलं.

आधी बाहेरचं.
दांडी शाफ्टवर डुगडुगते का? नाही.
बुटाला अडते का? नाही.
क्लचची वायर, नाही.
झाकण काढून आतली स्प्रिंग बोटाने दाबली:
"हिच्यात जीव हाय."
मग हात पुसत, जरा दिलगिरीने,
"स्वस्तातलं सगळं संपलं."

इंजिन उतरवलं.
मिक्सरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर
केसचा आकार पेनाने काढून
त्याची पुतणी कुंजल एकेक बोल्ट
जिथला तिथे भोसकत गेली.
लाकडी हातोडीचे दोन ठोके,
आणि बाजारात फणस उकलावा तसे
केसचे दोन भाग.
जळक्या तेलाचा वास. आत सगळं चकचकीत,
इतकं की मला वाटलं, काहीच झालेलं नाही.

"काका, हे बघ."
बॅटरी तिच्या दातात, त्यामुळे शब्द बोबडे.
गिअरच्या कुशीला चार खुंट,
शेजाऱ्याच्या खाचेत शिरून त्याला धरणारे.
कडा धारदार हव्यात,
किंचित आत कललेल्या,
ओढ पडली की अजून घट्ट व्हाव्यात अशा.
इथे त्या शेवटच्या आठवड्यातल्या
अंघोळीच्या साबणासारख्या.
आणि फोर्कच्या टोकाला निळसर डाग,
तापून तापून पडलेला.

पदाजीने खुंटांवरून अंगठा फिरवला.
बराच वेळ.
मग म्हणाला, "पाय दाखव."
कुठला?
"डावा."

बूट काढला, मोजा काढला.
घोट्यावरची शिवण त्याने पाहिली,
हात लावला नाही.
पावण्याच्या कंपनीत पॅलेट पडलं होतं,
दोन वर्षं झाली, आत पट्टी आहे, सहा स्क्रू.
"पहिला खाली, बाकी वर.
न्यूट्रल ओलांडून जायचं,
सगळ्यात लांबची उचल दुसऱ्याची.
तू उचलतो, पन पुरता नाय.
खुंट अर्धाच बसतो.
मंग टोकावर टोक घासत ऱ्हातं."

घरी मी बरा आहे.
कंपनीच्या फॉर्मवर बरा आहे, सहीनिशी.
डॉक्टरांनी चालून दाखव म्हटलं तेव्हा चाललो,
आणि त्यांना फक्त चालणंच पाहायचं होतं.

कुंजलने वहीत लिहिलं:
गिअर जोडी, फोर्क, गॅस्केट, ऑइल.
खाली काकाच्या सांगण्यावरून एक ओळ,
टाचेची दांडी.
"पंजा उचलूच नको. टाचेनं दाब.
टाच दुखते का?"

मी विचार करू लागलो.
दोन वर्षांत टाचेवर
पूर्ण वजन टाकल्याचं आठवेना.
"माहीत नाही," म्हणालो.
"सोमवारी ये," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

घणसोलीपर्यंत रिक्षा.
बुटाच्या आत, कुणाला दिसणार नाही असा,
पंजा वर उचलून पाहिला.
दुखलं.
अजून थोडा उचलला.