समोरची खोली

मुलगा म्हणाला, आई, वर्धा रोडवर घे,
विमानतळाजवळ. नवीन आहे, शांत आहे,
नाश्ता भाड्यातच, शिवाय पोहायचा तलाव.
तलावाचं काय करू रे, म्हटलं,
काठावर बसून पाय मोजू?

शांत हा शब्द मला पुरला आता.

चार वर्षं आम्ही धंतोलीत उतरायचो,
दवाखान्यामागच्या लॉजात, खोली नंबर सात.
तिथं सगळेच पाहुणे हळू बोलायचे
आणि कुणीच फिरायला आलेलं नसायचं.
जिन्यात फायली भेटायच्या, एक्स-रेची मोठी पाकिटं.
तुमचं कितवं? आमचं अकरावं.
ओळख तेवढीच.
दिगंबरांना पाच मिनिटांवर चालवत नसे,
म्हणून आमचं नागपूर पाच मिनिटांचं:
एक मेडिकल, एक नारळपाणीवाला,
आणि एक रसवंती, कायम बंद.

यंदा वणीत बसून वहीचं पान दुमडलं,
दोन रकाने केले.
नको: फिनाइलचा वास, मागच्या गल्लीची खिडकी,
आराम करा म्हणणारा मालक.
हवं: चालत गाठता येईल अशी मेट्रो,
रात्री दहाला उघडं असलेलं एखादं दुकान,
मला काही घ्यायचं नसलं तरी,
आणि खालून ऐकू येणारं
दुसऱ्याचं भांडण.

सहा हॉटेलांना फोन केले.
तुमच्याकडे गोंगाट किती आहे हो, विचारलं,
तर एकानं फोनच ठेवला.
एक म्हणाला, मॅडम, पिन पडली तरी ऐकू येईल.
त्याच्यावर काट मारली.

बर्डीत, बाजाराच्या तोंडाशी,
काउंटरवर प्रफुल खोब्रागडे नावाचा पोरगा,
कानात पेन, समोर अर्धा समोसा.
मागची घ्या ना जी, म्हणाला, समोरून मेट्रो धावून राहते,
खाली सॉक्सवाले ओरडून राहतात,
झोप नाही लागणार तुम्हाले.
म्हटलं, समोरचीच दे.
त्यानं चावी दिली, पण माझ्याकडं असं पाहिलं
की जणू मी जेवणाआधीच बिल मागितलं.

तिसरा मजला. खिडकी उघडली
आणि पूल बरोबर डोळ्यांच्या रेषेत.
डबा गेला. त्यात एक बाई जांभई देत होती,
तोंडावर हात न ठेवता.
मला बरं वाटलं.

पिशवी ठेवली न ठेवली, खाली उतरले.
तिकीट खिडकीवर विचारलं, कुठं?
शेवटपर्यंत, म्हटलं, आणि परत.
शेवटी काय आहे, बाई?
मलाही तेच बघायचं होतं.

खापरीकडे निघालो. ठरवलं होतं,
धंतोली आली की उजवीकडं बघायचं नाही,
किंवा नीट बघायचं, यातलं काहीतरी एक.
पण समोरच्या मुलीच्या हातावर मेंदी
अर्धीच रंगली होती, करंगळीला तर मुळीच नाही,
आणि ती बहिणीला फोनवर त्यावरून रागावत होती.
मी ऐकत बसले.
घोषणा झाली तेव्हा अजनी चौक.
धंतोली मागे राहिली होती
आणि मी कुठल्या बाजूला बघत होते
तेही आठवेना.

परत येताना तर्री-पोह्यांची गाडी दिसली,
संध्याकाळी सातला पोहे, असो.
तर्री जास्त टाक, म्हटलं.
डोळ्यांतून पाणी आलं ते तर्रीचं,
कुणाला सांगावं लागलं नाही.

रात्री ठरवलं, शेवटची गाडी बघूनच झोपायचं.
खुर्ची खिडकीशी ओढली.
खाली पन्नासला दोन, पन्नासला दोन,
मग साठला तीन,
मग कुणीतरी कुणाच्या तरी सासूला बोललं,
मग शटर, मग

पहाटेच्या पहिल्या गाडीनं जाग आली.
पलंगावर कधी आले कोण जाणे.
उशा दोन होत्या खोलीत.
दोन्ही माझ्याच डोक्याखाली.