चार वाजून दहा

ते घड्याळ मीच आणलं होतं चोरबाजारातून,
साडेतीनशेला, घासाघीस करून,
आणि फिल्मसिटीतल्या सरदेशमुखांच्या दिवाणखान्यात,
जो प्लायवूडचा आहे, मागून टेकू लावलेला,
मीच ठोकलं खिळ्यावर.
पहिल्याच दिवशी मेकअप रूमच्या एसीचा रिमोट चालेना.
राजवर्धन शेरवानीत घामाघूम.
कुणीतरी ओरडलं, सेल, सेल!
मी घड्याळातला काढून दिला.
परत घालायचा राहिला.

एवढंच.

तेव्हापासून दोनशे चाळीस भाग
त्या घरात चार वाजून दहा मिनिटं झालीत.
सकाळच्या आरतीला. मध्यरात्रीच्या भांडणाला.
ईश्वरीचं डोहाळजेवण चार-दहाला,
आणि राजवर्धन जिन्याखालच्या दारातून
एकोणीसशे एकोणऐंशीत गेला, तेव्हाही.

आमच्या मजल्यावर, प्रतीक्षानगरला,
घाडीकाकांकडे दोनशे पानी वही आहे.
काका बेस्टमध्ये टाइमकीपर होते, एकतीस वर्षं.
वहीत रकाने: भाग, प्रसंग, साडीचा रंग, घड्याळ.
शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.
त्यांचं म्हणणं, राजवर्धन कुठं गेलेलाच नाही.
घर थांबलंय, तो चालतोय.
उभ्या बसमधल्या माणसाला
बाजूची बस सुटली की वाटतं
आपणच मागं चाललो, तसं.

खालच्या नाझनीनचं वेगळंच:
ईश्वरीचं बाळ म्हणजेच राजवर्धन,
मोठा होऊन मागं आलेला.
काका म्हणतात, बाळ झालं चार-दहाला,
अजून चार-दहाच वाजलेत,
ते मोठं होणार कधी?

मला विचारतात, तू आत असतोस, तू सांग.
मी काय सांगू.
नियती रोज रात्री अकराला येते, फोनवर, पीडीएफमध्ये.
कोण मरणार, किती वाजता,
आणि जेवणात व्हेज किती.

काकू मेथी निवडता निवडता, मान वर न करता,
"सेल संपला असेल."
काका हसतात. "अगं, एवढा खर्च करणारी माणसं!"
मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावतो.

मग ते सांगतात, दरवेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं:
चौऱ्याऐंशी साल, खोदादाद सर्कलची चौकी.
चार-दहाची गाडी त्यांनी चार-सहाला सोडली.
घड्याळ समोर, ठणठणीत.
हातानंच शिट्टी उचलली.
एक मुलगी धावत आली, टायपिंग क्लासची फाईल छातीशी,
चौकीत शिरून भांडली, तक्रारवही मागितली,
पानभर लिहिलं, शुद्धलेखनाची एक चूक नाही.
त्याच अक्षरात पुढं वाण्याच्या याद्या,
चाळीस वर्षं.
"ती चार मिनिटं कुणाची होती?" काका विचारतात.
"माझी तर नव्हती. मी मिनिट चुकणारा माणूस नव्हे."
"मेमो मिळाला होता, तेही सांगा," काकू म्हणतात.

मागच्या आठवड्यात पीडीएफ आली.
राजवर्धनला दुसरी मालिका मिळालीय.
तो परत येत नाही.
माझ्या नावापुढं: हार, झेंडूचा, कृत्रिम, नग एक.

मी खुर्चीवर चढलो. फोटोला हार घातला.
खिशात नवा सेल होता,
असिस्टंट डिरेक्टरनं शेवटी आणायला लावलेला, बिलासकट.
तो खिशातच राहिला.
मोठा काटा बोटानं मागं सारला, चार रेघा.
कुणी पाहिलं नाही. लाइटवाला जांभई देत होता.
का केलं म्हणाल, तर
घड्याळ समोर होतं,
हात उचलला गेला.

गुरुवारी भिंतीपलीकडं खुर्ची करकरली.
मग माझं दार.
काका, चष्मा कपाळावर, वही उघडी,
बोलता येईना, नुसतं बोट रकान्यावर.
सगळ्या वरीलप्रमाणेंच्या खाली
४.०६.

त्यांच्या मागं काकू, हाताला कणीक.
त्या वहीकडे बघत नव्हत्या.