पहिली ओळ सोडून दे

हमजा, बस इथं. आधी स्वेटर घाल.
बाहेर चव्वेचाळीस, या खोलीत अठरा.
सोहारला आल्यापासून मला दोनच ऋतू माहीत,
दाराच्या आतला आणि दाराच्या बाहेरचा.

ही काळी खिडकी. हे आकडे.
समुद्राचं पाणी गोडं करणारे पंप
या मशीनला विचारून चालतात,
आणि मशीनला कसं वाटतंय ते आपण विचारायचं.

तीनशे नव्वद टक्के दिसलं तर दचकू नकोस.
मी दचकलो होतो. रात्री अडीचला रोडेलला उठवलं.
तो अनवाणीच आला, बघितलं,
म्हणाला, चार कोअर आहेत, चारशेपैकी मोज.
शंभर म्हणजे पूर्ण, हे शाळेतलं झालं.

उलटंही होतं. पंचवीस टक्के, सगळं शांत,
आणि कंट्रोल रूममधून फोनवर फोन, की पडदा हलत नाही.
तेव्हा एकेक कोअर उघडून बघ:
एकटा शंभरावर घामाघूम,
तिघे मांडी घालून बसलेले.
सरासरी कुणाच्याच बाजूची नसते.

याकूब साहेबांचं सांगतो, पण हसायचं नाही.
त्यांच्या टेबलावरच्या विंडोजमध्ये त्यांना दिसलं,
'आयडल' नावाचं कुणीतरी सत्त्याण्णव टक्के खातंय.
म्हणाले, बंद कर याला. कुणी बसवला हा?
म्हटलं, साहेब, हे रिकामपण आहे.
त्यांनी बराच वेळ बघितलं,
मग खजुराची ताटली पुढे सरकवली.
रिकामपणाचीही हजेरी लावतात होय?

आता हा रकाना, वाट पाहण्याचा.
हा चढला की प्रोसेसर मोकळा दिसतो,
लोड मात्र सात, आठ, अकरा.
आळशी नाही तो. डिस्ककडून कागद यायचाय.
मोफज्जल आठवतो? नाही, तू नव्हतास तेव्हा.
लेबर ऑफिसच्या बाकावर तीन आठवडे,
रोज इस्त्रीचा शर्ट घालून.
लांबून बघणाऱ्याला वाटे,
या माणसाला काही काम नाही.

आणि बघणंही फुकट नसतं.
ही खिडकी स्वतःच दोन-तीन टक्के घेते,
दर सेकंदाला विचारलंस तर आणखी.
पाचावर ठेव.

गुरुवारी माझं फायनल एक्झिट. अकरा वर्षं.
किल्ल्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड तुला दिलेत.

हां, एक राहिलं.
व्हीएमस्टॅट लावलास की लगेच एक ओळ येते.
ती आत्ताची नसते.
मशीन सुरू झाल्या दिवसापासूनची सरासरी असते ती,
गुळगुळीत, निरोगी.
सोडून द्यायची.
दुसरीपासून वाचायचं.

देवरुखहून शुक्रवारी ताईचा फोन येतो.
कसा आहेस?
बरा आहे.
ती काही बोलत नाही. मिक्सर बंद करते.
पाच सेकंद जातात.
मग पुन्हा विचारते.